मटणावरचा खटला



या वेळच्या टपालात कोल्हापूरच्या एका नववीतल्या मुलीचं चांगलं चार पानी पत्र आहे. तिच्या बाबांना वर्तमानपत्रातली कात्रणं जपायची हौस. त्यातल्या तीन कात्रणांचा सारांश तिने लिहून पाठवला आहे. पहिलं कात्रण ऑक्टोबर २०१५ चं. त्यात म्हटलंय, लाल मांस खाल्ल्याने बहुधा कर्करोग होतो. दुसरं ऑक्टोबर २०१९ चं. ते म्हणतं, लाल मांस कमी करायची काही गरज नाही. तिसरं जानेवारी २०२६ चं, अमेरिकी सरकारच्या नव्या आहार-सल्ल्याचं. त्यात तर मांसाला थेट मानाचं पान दिलेलं!

"यातलं खरं काय धरायचं?" एवढंच विचारून ती थांबली असती, तर मीही चार ओळींत उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण पत्राच्या शेवटी खरी गोम आहे. तिच्या आजोबांचा खोकला हटत नाही आणि डॉक्टरांनी त्यांना बिडी सोडायला सांगितलंय. आजोबा त्या कात्रणांकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "आज म्हणत्यात मटण वाईट, उद्या म्हणत्यात चांगलं. बिडीचं बी तसंच हुईल. थांब की जरा!" यावर आजोबांना काय सांगायचं, ते तिला कळत नाही.

आजोबांचं म्हणणं हसून सोडून देण्यासारखं नाही. जो माणूस सारखा शब्द फिरवतो त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असा त्यांचा रोकडा सवाल आहे. तेव्हा आज आपण मटणाचाच खटला चालवू, आणि शब्द नक्की कोणी फिरवला ते शोधू.

आधी 'लाल मांस' म्हणजे काय ते पाहू. तांबडा रस्सा ओरपला तर लाल मांस आणि पांढऱ्या रश्शावर भागवलं तर सुटलो, असं नाही बरं का! रश्शाच्या रंगाशी याचा काडीचा संबंध नाही. सस्तन प्राण्यांच्या स्नायूंमध्ये मायोग्लोबिन नावाचं लोह असलेलं प्रथिन भरपूर असतं, त्यामुळे ते मांस कच्चं असताना लाल दिसतं. बोकड, मेंढी, डुक्कर, गाय, घोडा, सगळे यात आले. कोंबडी आणि मासे नाहीत. आता हेच मांस खारवून, आंबवून, धुरी देऊन किंवा टिकाऊ द्रव्यं घालून ठेवलं, की ते झालं 'प्रक्रिया केलेलं मांस'. सॉसेज, सलामी, हॅम, बेकन ही मंडळी त्यातली, आणि गोव्याची चोरीससुद्धा. हा फरक डोक्यात पक्का ठेवा. मांस खावं की नाही यामागे धर्म, घरची रीत, जनावरांविषयीची माया अशी इतरही कारणं असतात. ती ज्याची त्याने ठरवावीत. आपला खटला फक्त तब्येतीपुरता.

तर पहिलं कात्रण. फ्रान्समध्ये लिआँ नावाचं शहर आहे. तिथे जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. इंग्रजी आद्याक्षरं जोडून तिला 'आयार्क' म्हणतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये दहा देशांतले २२ तज्ज्ञ तिथे जमले, आठशेहून जास्त अभ्यास त्यांनी चाळले आणि निकाल दिला. प्रक्रिया केलेल्या मांसाने माणसाला कर्करोग होतो, हे नक्की, म्हणून ते 'गट १' मध्ये. साध्या लाल मांसाने 'बहुधा' होतो, म्हणून ते 'गट २ अ' मध्ये.

आता या गट १ मध्ये आधीपासून कोण कोण बसलेलं होतं? तंबाखू, ॲस्बेस्टॉस, दारू, आपली सुपारी, आणि उन्हातून येणारे अतिनील किरणसुद्धा. झालं! सॉसेज आणि सिगारेट एका गटात म्हटल्यावर सॉसेज सिगारेटइतकंच घातक, अशा अर्थाचे मथळे जगभर झळकले. तीनच दिवसांत आरोग्य संघटनेला खुलासा करावा लागला.

गफलत कुठे झाली, ते नीट समजून घ्या. कारण सगळी मेख इथेच आहे. आयार्क म्हणजे एक न्यायालय समजा. त्याच्यापुढे प्रश्न एकच: या आरोपीने चोरी केली, हे सिद्ध होतं का? पुरावा पक्का असला तर नाव गट १ च्या वहीत. पुरावा बराच आहे पण पक्का नाही, तर २ अ च्या वहीत. आता एका चोराने ट्रंकेतल्या सोन्याच्या पाटल्या पळवल्या आणि दुसऱ्याने कोनाड्यातली सुटी नाणी. दोघांवरही चोरी शाबीत झाली, म्हणून दोघांची नावं एकाच वहीत आली. ती वही वाचून चोर कोण ते कळेल. चोरी केवढ्याची, ते कळणार नाही.

ते वेगळं विचारावं लागतं. आरोग्य संघटनेने त्याच वेळी दिलेला अंदाज बघा. तंबाखूमुळे जगात कर्करोगाने वर्षाला सुमारे दहा लाख माणसं दगावतात. प्रक्रिया केलेल्या मांसाचा भरपूर समावेश असलेल्या आहारामुळे सुमारे ३४ हजार. पाटल्या कोणाकडे आणि नाणी कोणाकडे, ते तुम्हीच ठरवा.

त्या निकालातला आणखी एक आकडा खूप गाजला. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं, तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. कितीतरी जणांनी याचा अर्थ असा घेतला, की शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होणार! वही-पेन्सिल काढा. ब्रिटनमध्ये असं मांस सगळ्यात कमी खाणारी एक हजार माणसं घेतली, तर आयुष्यभरात त्यातल्या ५६ जणांना हा कर्करोग होतो, असा हिशेब तिथल्या कर्करोग संस्थेने मांडला होता. आता ५६ चे १८ टक्के काढा. साधारण दहा. म्हणजे सगळ्यात जास्त खाणाऱ्या हजार माणसांत किती? ५६ अधिक १०, बरोबर ६६. हजारात दहा जण जास्त. भारतात या कर्करोगाचं प्रमाण मुळातच ब्रिटनहून बरंच कमी आहे, म्हणजे आपल्याकडे हा वाढीव आकडाही लहान.

पण हजारात दहा म्हणजे काहीच नाही, असं मात्र म्हणू नका हं. एक कोटी माणसांत ते एक लाख होतात. तुम्ही एकटे ताटावर बसलेले असता तेव्हा हा आकडा बारीक दिसतो. सगळ्या देशाची दवाखान्यांची सोय बघणाऱ्याला तो डोंगराएवढा दिसतो. आकडा तोच, बघणारा वेगळा. दुसऱ्या कात्रणाचं कोडं उलगडायला ही गोष्ट कामाला येईल.

ऑक्टोबर २०१९. कॅनडातले ब्रॅडली जॉन्स्टन यांच्या पुढाकाराने सात देशांतल्या १४ जणांचं एक मंडळ बसलं होतं. त्यात तीन साधे नागरिकही होते. त्यांचा निष्कर्ष 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन' या नावाजलेल्या अमेरिकी मासिकात छापून आला: मोठ्या माणसांनी आज जेवढं लाल मांस खात आहात तेवढं खात राहायला हरकत नाही. वाचणाऱ्याला वाटणार, २०१५ चे शास्त्रज्ञ खोटे ठरले!

ठरले का? मंडळाचा हिशेब बघा. आठवड्यातून तीन वेळचं लाल मांस आयुष्यभर कमी केलं, तर हजार माणसांमागे कर्करोगाचे सुमारे सात मृत्यू कमी होतील, असं त्यांनाही आढळलं. आला का काही भूकंप? आधीच्यांचे दहा, यांचे सात. मोजायची रीत थोडी वेगळी, पण घर एकच. फरक पुढे पडला. मंडळ म्हणालं, पुरावा कच्चा आहे, फायदा बारीक आहे, आणि लोकांना मांस आवडतं. शिवाय आम्ही देशाचा विचार करत नाही, एकेकट्या माणसाचा करतो. मग एवढ्यासाठी कोणाच्या ताटातला आवडीचा घास कशाला काढून घ्या? १४ पैकी ११ जणांनी या बाजूने कौल दिला, तिघांनी विरुद्ध. आपला सल्ला 'दुबळा' आहे, असं खुद्द मंडळानेच स्वच्छ लिहिलं होतं. मथळा करताना तो बिचारा 'दुबळा' शब्दच गळून गेला.

हार्वर्ड विद्यापीठातल्या काही प्राध्यापकांसह बरेच तज्ज्ञ या लेखावर इतके भडकले, की त्यांनी छापून येण्याआधीच तो थांबवण्याची मागणी केली. मला विचाराल तर ही मागणी चूक होती. लेख छापू द्यावा आणि मग खोडून काढावा. भांडण दाबलं की लोकांचा संशय आणखी वाढतो. थोड्याच दिवसांत बाहेर आलं, की जॉन्स्टन यांनी आधी साखरेवर केलेल्या एका अभ्यासाला खाद्य कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या संस्थेने मदत केली होती. मग २०२० च्या जानेवारीत 'जामा' या मासिकाने विरोधकांच्या संस्थांचेही खाद्यव्यवसायाशी असलेले धागे छापले. म्हणजे 'पैसे कोणाचे?' हा प्रश्न दोन्हीकडच्यांना विचारायचा, आपल्याला न आवडणाऱ्यालाच तेवढा नाही.

पण मुळात पुरावा कच्चा का राहतो? एवढे मोठे शास्त्रज्ञ, साधं मटण वाईट की चांगलं ते सांगता येत नाही?

बरं, मला सांगा, गेल्या वर्षभरात तुम्ही पोहे किती वेळा खाल्ले? आठवड्यातून दोनदा? की पंधरा दिवसांतून एकदा? आणि दर वेळी किती? अडखळलात ना! आहारावरचे मोठमोठे अभ्यास असल्याच प्रश्नांवर उभे आहेत. अमेरिकेत १९७६ साली १,२१,७०० परिचारिकांचा एक गाजलेला अभ्यास सुरू झाला. काय काय खाल्लं याचे तक्ते त्या वर्षानुवर्षं भरत आल्या आहेत. फार मोलाचं काम आहे ते. पण माणसाची आठवण ती आठवणच.

दुसरी अडचण जास्त अवघड आहे. अमेरिकेत जास्त लाल मांस खाणारे लोक सरासरीने जास्त सिगारेट ओढतात, व्यायाम कमी करतात, भाज्या कमी खातात. मग त्यांना आजार झाला तर दोष कोणाला द्यायचा? शास्त्रज्ञ गणित करून या गोष्टी वजा करतात, पण वजाबाकी पूर्ण झाली की नाही, ही शंका राहतेच. खात्री करायचा उत्तम मार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट पाडायचे आणि एका गटाला वीस वर्षं मटण द्यायचं, दुसऱ्याला वीस वर्षं द्यायचं नाही. आता मला सांगा, चिठ्ठीत 'मटण नाही' निघालं म्हणून वीस वर्षं कोणी गप बसेल का? कोल्हापुरात तर हा प्रयोग पहिल्याच रविवारी मोडेल!

एक गंमत सांगतो. शोनफेल्ड आणि आयोनिडिस या दोन संशोधकांनी एक पाककृतींचं पुस्तक घेतलं, त्यातले कुठलेही ५० जिन्नस उचलले आणि कर्करोगाशी त्यांचा संबंध कोणी तपासलाय का ते शोधलं. ५० पैकी ४० जिन्नसांवर अभ्यास सापडले! बहुतेक अभ्यास म्हणत होते, याने धोका वाढतो किंवा कमी होतो. पण एकाच जिन्नसावरचे सगळे अभ्यास एकत्र केले, की परिणाम आक्रसून लहान व्हायचा. हा लेख २०१३ मध्ये छापून आला. वर्तमानपत्रात येतो तो बहुधा सुटा अभ्यास. म्हणून तो सोमवारी एक सांगतो आणि गुरुवारी दुसरंच.

आता त्या घरातल्या रविवारच्या मटणाचं काय? ती लिहिते, पाच माणसांत एक किलो मटण येतं. म्हणजे हाडांसकट माणशी दोनशे ग्रॅम, हाडं वगळली तर आणखी कमी, आणि तेही आठवड्यातून एकदा. धोक्याचे आकडे आहेत ते रोज खाणाऱ्यांचे. साध्या लाल मांसाचा हिशेब आयार्कने रोजच्या १०० ग्रॅमवर मांडला होता, म्हणजे आठवड्याला ७०० ग्रॅम. जागतिक कर्करोग संशोधन निधी ही संस्था बरीच कडक समजली जाते. तीसुद्धा आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम लाल मांस चालेल म्हणते. प्रक्रिया केलेलं मात्र जवळजवळ नकोच. तेव्हा तिच्या घरचा रविवार कोणाच्याच यादीत आरोपी नाही. डब्यात रोज सलामीचं सँडविच नेणाऱ्यांनी मात्र थोडे कान टवकारावेत.

आपल्याकडे दुसरी बाजूही आहे. मांसातलं लोह शरीराला चटकन लागू पडतं. २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. रोज भरपूर मांस खाणाऱ्या अमेरिकेला दिलेला सल्ला उचलून इथे चिकटवला, तर कसं चालेल?

तिसऱ्या कात्रणावर जास्त वेळ घालवत नाही. त्या नव्या सल्ल्यात अमेरिकी सरकारने आहाराचा पिरॅमिड उलटा करून मांस आणि चीज वरच्या रुंद भागात काढलं. पण चरबीच्या एका जातीवरची, संपृक्त चरबीवरची, जुनी दहा टक्क्यांची मर्यादा तशीच ठेवली. सरकारी सल्ल्याला शास्त्राबरोबर इतरही हात लागतात. १९७७ च्या जानेवारीत सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या समितीने अमेरिकनांना 'मांस कमी खा' असं सांगितलं होतं. गुरं पाळणाऱ्यांनी एवढा गहजब केला, की डिसेंबरच्या आवृत्तीत ते वाक्य बदलून 'चरबी कमी असलेलं मांस निवडा' अशा वळणावर आलं. अकरा महिन्यांत गाईगुरं काही बदलली नव्हती!

आता बिडी.

बिडी-सिगारेटचा प्रयोगही कोणी चिठ्ठ्या टाकून केलेला नाही. मग तो पुरावाही कच्चाच की! असं आजोबा म्हणाले, तर? जत्रेत कोणी तुमच्या कानाशी कुजबुजलं, तर ऐकलं ते खरं की भास, अशी शंका येते. तोफ उडाली तर येत नाही. रोजच्या प्रक्रिया केलेल्या मांसाने धोका होतो सव्वापटीहूनही कमी. ही कुजबुज. सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्याच्या १५ ते ३० पट असतो. ही तोफ. आठवणीतली चूक, व्यायामाचा फरक, काहीही वजा करा, तोफेचा आवाज झाकत नाही. आणि बिडी लहान दिसते म्हणून सौम्य नसते. तिच्यातून डांबर आणि निकोटिन सिगारेटइतकं किंवा जास्तच मिळतं.

हा सल्ला किती वेळा बदलला? ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. १९५१ मध्ये त्यांनी हजारो डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या सवयी लिहून घेतल्या आणि पन्नास वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. २००४ मध्ये हिशेब छापला: आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात. पंच्याहत्तर वर्षांत या निकालाने एकदाही कूस बदललेली नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका संस्थेने २०२२ मध्ये पुराव्यांना एक ते पाच तारे द्यायची पद्धत काढली. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत धूम्रपानाला मिळाले पाचपैकी पाच. साध्या लाल मांसाला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत मिळाले दोन.

'सगळेच शास्त्रज्ञ रोज शब्द फिरवतात' असं लोकांना वाटावं, यात कोणाचा फायदा आहे, तेही बघा. १९६९ मध्ये एका अमेरिकी सिगारेट कंपनीच्या आतल्या कागदात अगदी उघड लिहिलं होतं, की शंका हाच आपला माल आहे. म्हणजे सिगारेट निर्दोष आहे हे सिद्ध करायची गरजच नाही. लोकांना 'थांब की जरा' म्हणायला लावलं, की काम झालं.

आजोबांसाठी त्याच डॉक्टरांच्या अभ्यासातला एक आकडा माझ्यातर्फे सांग. साठाव्या वर्षी सोडली तरी सरासरी तीन वर्षं जास्त मिळतात, पन्नासाव्या वर्षी सोडली तर सहा. आणि खोकला हटत नसेल तर डॉक्टरांकडे परत घेऊन जा. ते काम मासिकातून होत नाही.

बाकीच्यांना या आठवड्याचं काम: घरात येणाऱ्या वर्तमानपत्रातून खाण्यापिण्याच्या तब्येतीविषयीची एक बातमी कापून वहीत चिकटवा. खाली चार रकाने आखा. माणसांवरचा अभ्यास की उंदरांवरचा? किती खाल्लं तर? हजारात किती जण जास्त? पैसे कोणाचे? ज्या रकान्याचं उत्तर बातमीत नसेल तो कोराच ठेवा. वही भरली की पानं पाठवा, कोऱ्या रकान्यांसकट. वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.